वातींनी फोडलेली होडी

ती होडी मी देवाच्या वातींनी फोडली. फोडली तेव्हा मी सत्तर वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला तसं लहानच वय. आता पंचाहत्तरीत शिरल्यावर त्या बाईची आठवण आली की तिचा कान धरून तिला गॅरेजच्या कोपऱ्यात उभी करावीशी वाटते. पण राग नुसता तिचा नाही. त्या वर्षी मला इतक्या जणांचा राग आला होता की तिचा नंबर बराच मागे होता.

परदेशी, पॉइंट कुकला मुलाकडे मी तीन महिन्यांसाठी आले होते. नातीचं कौतुक करायचं, सुनेच्या हातचं बसून खायचं आणि हापूस संपायच्या आत घरी परत. पंधरा दिवसांत विमानं बंद झाली. मग दारं बंद झाली. मग पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, दिवसातून एकदा तासभर फिरायचं, तेही तोंड झाकून. मुलगा वरच्या खोलीत लॅपटॉपशी बोलायचा, नात खालच्या खोलीत तिच्या लॅपटॉपशी. मी मधल्या जिन्यात. दोन्हीकडून एकच शब्द यायचा, "श्श!" नात तर "आजी, आय'म ऑन म्यूट बट दे कॅन सी यू" म्हणायची. यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती. पण हयातीत त्यांचीही मला श्श म्हणायची छाती झाली नव्हती.

इतका राग एकटीने कुठे ठेवायचा? मी तो देवावर सोडला. विमान सुरू कर, लाख वाती लावीन, असा संकल्प केला. इंडियन ग्रोसरीतून सून कापूस आणून द्यायची आणि मी जिन्यात बसून वाती वळायची. चातुर्मास लागेपर्यंत बुटांचे चार खोके भरले होते. घरात लाख वाती पेटल्यावर छतावरचा स्मोक अलार्म काय म्हणेल, हा विचार त्या भाविक बाईच्या डोक्यात आला नव्हता. मुलाच्या आला होता, पण तो कॉलवर होता.

अशात एका सकाळी शेजारणीने घरापुढच्या गवताच्या पट्टीवर होडी आणून ठेवली. शेजारीण माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, मूळची इथलीच. तिच्या मुलाने जुनं घर विकायला लावून तिला आमच्या या नव्या, एकसारख्या घरांच्या वस्तीत आणली होती आणि आता गॅरेज रिकामं कर म्हणून तिच्या मागे लागला होता. होडीला पुठ्ठा टांगलेला होता, फुकट, घेऊन जा.

दहा-अकरा फुटांची लाकडी होडी. आमच्या कोकणातल्या होडीला फळ्या कडेला कड लावून बसवतात, बाहेरून अंग सपाट दिसतं. हिच्या फळ्या कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या होत्या आणि जिथे चढत होत्या तिथे तांब्याच्या खिळ्यांची रांग. कित्येक वर्षं कोरडी पडल्यामुळे फळ्यांच्या मधून आरपार उजेड दिसत होता. मी खाली बसून त्या उजेडातून रस्त्यावरची कचऱ्याची गाडी पाहिली. आणि ठरवलं, ही माझी.

मुलगा कॉलवर असताना सुनेने आणि मी शेजारणीच्याच ट्रॉलीवरून ती गॅरेजमध्ये ढकलली. जागा करायला सुनेने गाडी रस्त्यावर काढली होती. मुलगा जेवायला खाली आला.

"आई, हे काय आहे?"

"होडी."

"ते दिसतंय मला. आपल्या गॅरेजमध्ये का आहे?"

"दुरुस्त करणार आहे. मी होडीवाल्याची मुलगी आहे."

"होड्या आजोबा आणि मामा करायचे. तू कधी हातोडी तरी धरलीस का?"

खरं उत्तर 'नाही' होतं, म्हणून मी होडीवरची धूळ पुसायला लागले. तो म्हणाला, ऑक्टोबरच्या शेवटी मी गॅरेज साफ करायला स्किप, म्हणजे अडगळ भरून न्यायचा मोठा लोखंडी डबा, मागवणार आहे. तोवर तरंगली तर ठेव, नाहीतर स्किपमध्ये. आणि हसला. त्या हसण्यामुळे मी सुनेसमोर शपथ घेतली की ही होडी तरंगेल आणि माझ्या हातून तरंगेल. त्यापुढे मला विमानाचीसुद्धा तितकी घाई राहिली नाही.

हातोडी का धरली नव्हती, ते सांगते.

वडील खाडीकाठी होड्या बांधायचे. अंगणाच्या पलीकडे माडांच्या सावलीत होडी उभी राहायची, आणि तिच्या तळाचं लांब लाकूड एकदा ठेवलं की तिथे बायकांनी जायचं नाही. चहा नेला तर अमुक एका माडापाशी ठेवायचा आणि हाक मारायची. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, तो मात्र आत. मी माडाला टेकून बघत राहायची. दादा पाय पसरून बसायचा आणि दोन फळ्यांच्या सांध्यात कापसाचे पेळू ठोकून बसवायचा, वर राळ आणि तेल. त्या ठक ठक आवाजावर मला झोप लागायची आणि जागही यायची.

अकरा वर्षांची असताना एकदा दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी गेले आणि त्या लाकडावर तळहात टेकवला. एवढंच. होडी झाली, समुद्रात गेली आणि एकदा ठरलेल्या वेळी परत आली नाही. झालं! माझ्या हाताने बुडाली अशी माझी खात्री. मी अन्न सोडलं. देवापुढे नाक घासलं. पुन्हा हात लावणार नाही, वाटल्यास हा हात झडू दे, असलं काहीतरी भयंकर बोलले. तिसऱ्या दिवशी होडी आली, काठोकाठ बांगडे भरून. मासे जास्त मिळाले म्हणून उशीर झाला होता. साऱ्या वाडीने बांगडे खाल्ले. तीन दिवस उपाशी असलेल्या मुलीकडे कुणाचं लक्षही नव्हतं, आणि त्या मूर्ख मुलीला वाटलं की आपल्या उपासामुळेच होडी वाचली.

इथवर मी तिला माफ केलं असतं. पण पुढच्या वर्षी तिची चुलतबहीण माडाच्या पुढे गेली, तेव्हा तिची वेणी धरून तिला मागे ओढणारी कोण? हीच. वडिलांना पहारेकरी ठेवायची गरजच पडली नाही. मी फुकटात मिळाले होते.

तर असं माझं शिक्षण. एका माडापासून जेवढं दिसतं तेवढं.

रंग खरवडायला सुरुवात केली. पाच थर निघाले, पांढरा, हिरवा, पांढरा, निळा, पांढरा. सून संध्याकाळी फार्मसीतल्या नोकरीवरून यायची, अंघोळ करून केस ओले असतानाच गॅरेजमध्ये यायची आणि रंग खरवडायची पत्री घेऊन दुसऱ्या बाजूने सुरू करायची. एरवी आमचं बोलणं भाजीच्या पुढे जात नसे.

एके दिवशी ती फार जोरात खरवडत होती.

"अगं, लाकूड निघेल."

"आज एक माणूस मास्क खाली करून माझ्या तोंडावर खोकला. मुद्दाम. आणि हसला. मागे त्याची बायको उभी होती, तीही हसली."

"मग तू काय केलंस?"

"हॅव अ गुड डे म्हटलं. तेच म्हणायचं असतं, आई."

मी माझी पत्रीही तिला दिली. तिच्या पत्रीपेक्षा माझ्या पत्रीला धार चांगली होती.

शेजारीण कुंपणावरून बघायची. आमच्याकडची कुंपणं पत्र्याची, पुरुषभर उंच. ती तिच्या बाजूला स्टुलावर चढायची, मी माझ्या बाजूला. ती एकदा म्हणाली, "काही भरू नकोस हं फटींत. हिच्यात नुसतं पाणी सोड, लव्ह. लाकूड फुगेल, फटी आपोआप मिटतील. दोन-तीन दिवस."

सगळं इंग्रजी मला समजलं. तरी मी हसून "थँक्यू" म्हटलं आणि स्टुलावरून उतरून सुनेला म्हटलं, "म्हातारी हलली आहे. पाणी आत येऊ नये म्हणून होडी करतात, आणि ही म्हणते आधी पाणी भर."

सून म्हणाली, "त्यांची होडी आहे, आई. त्यांना माहीत असेल."

"तिच्या नवऱ्याची होती. तिला काय माहीत असणार?"

हे वाक्य मी बोलले. मी! माडाला टेकून आयुष्य गेलेली. आजही आठवलं की कानशिलं तापतात.

आणि मग मी कुणाला विचारलं? दादाला. सासरी गेल्यापासून आमचं बोलणं गणपतीला आणि कुणी वारलं तर, एवढंच. मान खाली घालून व्हिडिओ कॉल लावला. त्र्याहत्तरीचा दादा ओटीवर बनियनमध्ये बसलेला. फोन फिरवून मी त्याला होडी दाखवली. त्याने चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"कापूस भर," म्हणाला. "घट्ट ठोक. बोट शिरता नये. वरून राळ."

"फळ्या एकीवर एक आहेत रे, बघितलंस ना?"

"अगो, फट ती फट. कापूस भर."

त्याच्या आवाजात एवढा भरवसा होता की माझे डोळे भरून आले. साठ वर्षांनी का होईना, दादाने मला आत घेतलं असं वाटलं.

टाळेबंदीत राळ कुठली? हार्डवेअरच्या दुकानातून मागवलेला, फटी बुजवायचा पोटीनसारखा लगदा होता. आणि कापूस? बुटांच्या चार खोक्यांत वळून ठेवलेला. सून दारात उभी राहून बघत होती.

"आई, देवाच्या आहेत ना त्या?"

"देव तरी विमान कुठे सोडतोय?"

आठवडाभर मी वाती ठोकल्या. पटाशी बोथट करून घेतली, तीन-तीन वाती पिळून सांध्यात बसवल्या, ठक ठक, अगदी दादासारख्या. वरून मुलगा ओरडायचा, "आई, क्लायंट आहे लाइनवर!" मी खालून म्हणायची, "श्श!" त्या आठवड्याइतकी सुखी मी त्या वर्षात कधी नव्हते. स्वतःवर इतकी खूश बाई मी पुन्हा पाहिलेली नाही. होडीकडे बघताना ती मान एका बाजूला कलती करायची, थेट वडिलांसारखी.

लगदा वाळल्यावर परीक्षा घ्यायची म्हणून होडी मागच्या अंगणात ओढली, खाली लाकडी ठोकळे लावले आणि आत पाण्याची नळी सोडली. एक थेंब बाहेर आला नाही. मुलाला खिडकीतून हाक मारून दाखवलं. त्याने अंगठा वर केला. मी रात्रभर पाणी तसंच ठेवून झोपले.

सकाळी चहा घेऊन मागच्या दारात आले, तर 'टक्' असा आवाज झाला. थोड्या वेळाने पुन्हा टक्. तांब्याचे खिळे लाकडातून ओढले जात होते. रात्रभरात फळ्या फुगल्या होत्या, आणि फुगायला जागा नव्हती, कारण जागेत माझ्या वाती होत्या. माझ्यादेखत तळाकडची एक फळी खिळ्यांच्या रांगेवरून हातभर उभी चिरली. मग समोरच्या बाजूची. पाणी अंगणभर झालं. मी चपला भिजवत उभी होते आणि हातातला चहा पीत होते, कारण दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

पत्र्यापलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज आला. शेजारीण वर आली, बघत राहिली. "तुला सांगितलं होतं" असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. ती म्हणाली, "खिळे तर मी धरलेत तिचे. आम्ही दोघांनी बांधली. तो आतून ठोकायचा, मी बाहेरून जड लोखंड दाबून धरायची. एकट्याने होत नाही हे काम."

म्हणजे जिला काही माहीत नसणार असं मी ठरवलं होतं, तिने त्या होडीचा एकेक खिळा हाताने दाबून धरला होता.

तशीच ओल्या चपलांनी आत गेले आणि दादाला फोन लावला. तिथे पहाट असेल, मला पर्वा नव्हती.

"दादा, होडी फुटली. तुझ्या कापसाने फुटली."

"सैल भरला असशील."

"घट्ट भरला! घट्ट भरला म्हणून फुटली! असली होडी तू जन्मात कधी बघितली होतीस का?"

दादा म्हणाला, "नाही."

"मग सांगितलंस कशाला?"

"तू विचारलंस म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी विचारलंस. नाही येत म्हणू?"

"वडिलांनी तुला सगळं शिकवलं आणि..."

"कुठलं सगळं?" तो एकदम चिडला. "कापूस! मला नुसता कापूस ठोकायला बसवायचे. फळी एकदा वाकडी कापली, त्यानंतर करवतीला हात लावू दिला नाही मला. बारा वर्षं कापूस, बाय. म्हणून तर पळून जाऊन तालुक्याला कारकून झालो. तुला काय वाटलं, मी होड्या बांधत होतो माडांखाली?"

मला तसंच वाटलं होतं. साठ वर्षं मी ज्याचा हेवा केला, त्याला त्या माडापलीकडे कापसाशिवाय काही मिळालं नव्हतं. यावर शहाणी बाई विरघळली असती. मी आणखी चिडले. निदान माझा राग तरी खरा असावा ना! तोही मी लांबून बघून, अर्धवट माहितीवर केलेला निघाला.

"तू तेव्हा बोलला का नाहीस?" मी ओरडले.

"तू माडापाशी उभी राहून माझ्याकडे अशी बघायचीस," तो म्हणाला, "की बोलवेना."

मी फोन ठेवला. नंतर दोन आठवडे त्याच्याशी बोलले नाही. वडिलांशी मात्र रोज बोलत होते, होडीत बसून, क्रोशाच्या सुईने वाती उपसत. ठोकायला आठवडा लागला होता, काढायला तीन लागले. काय काय बोलले ते लिहीत नाही. ते वाईट नव्हते. पण आपल्या अंगणात दोन मुलांना दोन बाजूंनी अडवून ठेवलं आणि रात्री शांत झोपले, हे मी त्यांना पहिल्यांदा तोंडावर सांगितलं. तोंड फोटोतलं होतं, पण सांगितलं. वाती लगद्याने बरबटल्या होत्या, कचऱ्याच्या डब्यात गेल्या. देवालाही त्याच दमात काही शब्द ऐकवले.

चिरलेल्या फळ्यांना शेजारणीने आतून पट्ट्या लावायला सांगितल्या. पट्ट्या, तांब्याचे खिळे आणि चकत्या तिने बादलीत घालून दोरीने पत्र्यावरून सोडल्या, कारण घरात यायला बंदी होती. मी होडीच्या आत, हातात हातोडी. सून बाहेर, तिच्या दोन्ही हातांत लोखंडाचा ठोकळा. आणि ती म्हातारी स्टुलावर, मास्क नाकाखाली.

"हळू! तू खिळा मारतेयस, साप नाही!" ती ओरडायची.

पहिला खिळा वाकला. दुसरा वाकला. तिसऱ्याला माझा अंगठा ठेचला आणि मी मराठीत जे बोलले ते ऐकून सून लोखंड टाकून मटकन खाली बसली, हसत. पुण्याच्या मुलीला कोकणातल्या शिव्या माहीत नव्हत्या. तिने एक-दोन लिहूनही घेतल्या, फार्मसीत मनातल्या मनात म्हणायला.

ऑक्टोबर संपत आला, स्किप घरापुढे येऊन उभा राहिला. त्याच दिवशी आम्ही होडीत पुन्हा नळी सोडली. या वेळी फटींत काही नव्हतं. पाणी जितकं सोडावं तितकं दुसऱ्या बाजूने चाळणीसारखं बाहेर. मुलगा हात झाडत आला.

"आई, झालं ना आता? माणसं शनिवारी स्किप न्यायला येणार आहेत."

"आज बुधवार आहे."

"ही गळतेय."

"फुगायची आहे अजून. तू आत जा. तुझा कॉल असेल."

"अगं, पण पाण्याचं बिल..."

"आत जा," सून म्हणाली. त्या सुरात ती नवऱ्याशी कधी बोलली नव्हती. तो गेला.

बुधवारी मी दर अर्ध्या तासाने नळी सोडत होते. गुरुवारी दर दोन तासांनी. फटींतला उजेड दोऱ्याएवढा झाला, मग दिसेना. शुक्रवारी सकाळी पाणी काल ठेवलं तिथेच होतं. मी खिळ्यांना कान लावून बसले. टक् आला नाही.

शनिवारी स्किप जुने सोफे आणि मुलाची व्यायामाची सायकल घेऊन गेला. होडी आम्ही गाडीमागे जोडलेल्या ट्रेलरवर चढवली. निर्बंध थोडे सैल झाले होते, समुद्राच्या काठावर माणसं लांब लांब उभी होती. उतारावरून मुलाने होडी पाण्यात सोडली, पँट गुडघ्यापर्यंत वर करून, आणि म्हणाला, "आधी मी बसून बघतो. सेफ आहे का ते."

"तू बाजूला हो," मी म्हटलं.

तो बाजूला होईना. "आई, तुला पोहता येत नाही. तू सत्तर वर्षांची आहेस. काही झालं तर इथे हॉस्पिटलमध्ये..."

मला खरंच पोहता येत नव्हतं. खाडीकाठी वाढून नाही, कारण तेही दादालाच शिकवलं होतं. शेजारणीचं जुनं लाइफ जॅकेट पदरावर बांधलं, साडी कासोट्यासारखी खोचली आणि त्याच्या खांद्यावर हात टेकून आत चढले. होडी हलली, मी मटकन फळीवर बसले. माझ्यामागून सून आली आणि वल्ही उलटी धरून बसली.

काठावर शेजारीण दोन्ही हात हलवून काहीतरी ओरडत होती. बहुतेक वल्ह्यांबद्दल असावं. आम्ही जागच्या जागी गोल फिरलो, एकदा, दोनदा. मग सुनेने वल्ही सरळ केली आणि काठ मागे सरकायला लागला. माझ्या पायापाशी दोन फळ्यांच्या मधून पाण्याची एक बारीक रेघ आत आली आणि बोटांपर्यंत पोहोचली.

मुलगा गुडघाभर पाण्यातून ओरडला, "आई, पाणी येतंय का आत?"

"येतंय!"

"मग परत फिर!"

मी सुनेकडे पाहिलं. तिचे दात घट्ट आवळलेले होते, आणि त्या वर्षात मी तिला इतकी खुशीत कधी पाहिली नव्हती.

"मार वल्ही," मी म्हटलं. "मी पाणी उपसते."